नांदूर मध्यमेश्वर: पक्षी आणि आईची राहिलेली ओटी, एकाच दिवशी जमेल का?

इंदिरानगरची (२७ डिसेंबर)

प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत अडकलेत, म्हणून सगळंच लिहिते.

पहिला सोपा. लेक दहा वर्षांची आहे. शाळेनं सुट्टीत पंधरा पक्षी स्वतः बघून वहीत लिहायला सांगितलेत. आमच्या सोसायटीत कावळा, पारवा, साळुंकी, चिमणी आणि एक भारद्वाज यांच्यापुढं गाडी जात नाही. म्हणून नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायचं ठरतंय. बरोबर सासरे येणार. वय ७४, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त, उजवा गुडघा बदललेला. सपाट रस्ता असेल तर दोन किलोमीटर आरामात चालतात, चढउतार असला की लगेच चिडतात. तिथं चालायला रस्ता कसा आहे? पहाटेच पोचावं लागतं का? या थंडीत पहाटे पाचला त्यांना उठवणं म्हणजे मलाच शिक्षा.

दुसरा प्रश्न आईचा. तिचं माहेर सायखेड्याच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. मी चार वर्षांची असताना आजोळी पाटात पडले होते. कुणीतरी केसाला धरून बाहेर काढलं. मला त्यातलं काहीच आठवत नाही, फक्त नाकातोंडात गेलेल्या पाण्याची हिरवी चव आठवते, तीही खरी की ऐकून ऐकून झालेली, देव जाणे. त्या वेळी आई आसरांना, म्हणजे पाण्यातल्या सात देवींना, बोलली होती, पोर वाचली तर सात जणींची ओटी भरीन. पुढं आजोबांच्या पश्चात मामांशी जमिनीवरून बिनसलं, माहेर तुटलं आणि ओटी राहिली ती राहिलीच. गेल्या वैशाखात आई गेली. शेवटच्या महिन्यात दोनदा म्हणाली, "आसरांचं तेवढं राहिलं गं."

माझा या गोष्टींवर विश्वास आहे असं नाही. नाही असंही नाही. ती जागा नेमकी कुठं, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. आईच्या बोलण्यात एवढंच यायचं: "धरणाच्या खाली, डोहाच्या वर, बाभळीखाली सात दगड." कुणाला माहीत आहे का? की अशा जागा खूप आहेत आणि मी उगाच शोधतेय?

सायकलवाला_सिडको (२८ डिसेंबर)

मागच्या रविवारी गेलो होतो. सिडकोतून पहाटे साडेचारला निघालो, चाळीस-एक किलोमीटर, हातमोजे दोन घालूनही बोटं गेली. सातला पोचलो तर धुकं असं की समोरचा निरीक्षण मनोराच दिसेना. साडेआठपर्यंत नुसते आवाज ऐकत बसलो. मग नाटकाचा पडदा सरकावा तसं एकदम सगळं दिसलं, तेव्हा मात्र पैसे वसूल.

चापडगावच्या गेटवर तिकीट काढा आणि गाईड घ्या. गावातलीच पोरं आहेत, दुर्बीण त्यांच्याकडं असते. फ्लेमिंगो विचाराल तर नाहीत. मला एकही दिसला नाही. रविवार टाळा, मोठ्या लेन्सवाल्यांची जत्रा असते.

ओटीचं काही माहीत नाही.

निवृत्त_पाटकरी (२८ डिसेंबर)

ताई, आधी पाण्याचं बोलू, मग पक्ष्यांचं, मग आसरांचं. या क्रमानं गेलं तरच कळतं.

मी एकतीस वर्षं पाटावर काढली. आधी पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा, शेवटी कालवा निरीक्षक. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सकाळी उठलो की पाय आपोआप बंधाऱ्याकडं वळतात. बायको म्हणते, सरकारनं पगार थांबवला पण यांना कुणी कळवलं नाही.

हे तळं नाही आणि मोठं धरणही नाही. गोदावरीला इथं कादवा येऊन मिळते आणि तिथंच इंग्रजांच्या काळातला लांबलचक दगडी बंधारा आहे, शंभर वर्षांपलीकडचा. वरून गंगापूर, दारणा धरणांचं पाणी सुटलं की इथं येऊन थांबतं. इथून डावा आणि उजवा असे दोन पाट निघतात, ते कोपरगाव-राहात्याकडं जातात. उरलं ते पैठणला, जायकवाडीच्या नाथसागरात. शंभर वर्षांत नदीनं काय आणलं असेल तर गाळ. आमच्या साहेब लोकांनी त्या गाळाच्या नावानं जन्मभर बोटं मोडली, कारण पाणी मावेना. पण त्याच गाळाची बेटं झाली, त्यावर पाणकणीस आणि लव्हाळे माजले, बाकी ठिकाणी पाणी गुडघा-मांडीइतकं राहिलं. बदकांना दुसरं काय लागतं? आम्ही ज्याला बिघाड म्हणत होतो त्याचं १९८६ मध्ये अभयारण्य झालं. मला पहिल्यांदा हे ऐकून हसू आलं होतं.

म्हणून कुणी "कोणते पक्षी आहेत" विचारलं तर मी उलट विचारतो, पाणी किती आहे? सध्या बंधारा भरलेला आहे. म्हणजे मधोमध बदकं, बेटांवर चक्रवाक, आणि जिकडं तिकडं वारकरी. पाटाचं आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटून पाणी खाली गेलं की काठाचा चिखल उघडा पडतो, तेव्हा लांब पायांची मंडळी उतरतात. रोहित, म्हणजे तुमचा फ्लेमिंगो, त्या वेळचा पाहुणा, तोही आला तर. भरल्या पाण्यात त्याला उभंच राहता येत नाही. लेकीला त्याचं वचन देऊ नका.

पंधराची काळजी करू नका, तीस होतील. आणि पोरीला इंग्रजी नावं पाठ करायला लावू नका, मराठी नावांतच पक्षी दिसतो. काळाकुळकुळीत आणि कपाळावर पांढरा टिळा, थव्यानं चालणारा, तो वारकरी. चोच गवंड्याच्या थापीसारखी चपटी, ती पाण्यावर घासत गोल गोल फिरतो, तो थापट्या. शेपटीचं टोक लांब निघालेलं ते तलवार बदक. चोच चमच्यासारखी तो चमचा. लाल काड्यांवर उभा असल्यासारखा तो शेकाट्या. ज्यानं ही नावं ठेवली तो आमच्यासारखाच काठावर बसून राहिलेला माणूस असणार, त्याला दुसरं काम नसणार. पट्टकादंब नावाचा हंस दिसला तर डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या बघा. हा गडी हिमालय ओलांडून येतो आणि इथं येऊन हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यावर ताव मारतो. शेतकरी त्याला हंस म्हणत नाहीत, वेगळंच म्हणतात, ते इथं लिहीत नाही.

आता वेळ. सगळे सांगतील पहाटे या. मी सांगतो दुपारी तीनला या. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, निफाडचा पारा कधी चार-पाच अंशांवर उतरतो, त्यात नदीवरचं धुकं. आजोबांचा गुडघा आखडेल. शिवाय रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस आहे आणि निफाड तालुक्यात ऊस म्हणजे बिबट्या, हे मी काही गंमत म्हणून सांगत नाही. अंधारात लहान पोर घेऊन उसाच्या कडेनं चालायचं नाही. दुपारी उन्हं कलली की पक्षी पुन्हा हालचाल करू लागतात आणि तुम्हाला थंडीही बाधत नाही.

चापडगावच्या गेटातून पाटाच्या भरावावरून सरळ सपाट वाट आहे, आजोबांना चिडायला जागा नाही. मनोऱ्यापर्यंत गेलंच पाहिजे असंही नाही. एका जागी अर्धा तास बसा. लोक चालत राहतात आणि पक्षी उठवत राहतात, मग म्हणतात फार लांब होते. भडक कपडे नकोत. संक्रांत जवळ आलीय, बाभळीत नायलॉन मांजा अडकलेला दिसला तर गाईडला दाखवा. मी स्वतः दोन बगळे आणि एक घुबड त्यातून सोडवलंय. घुबड वाचलं.

चक्रवाकाची गोष्ट पोरीला सांगाच. विटकरी रंगाचं मोठं बदक, नेहमी जोडीनं. माझी आजी सांगायची: सीता गेली तेव्हा राम या नदीच्या काठानं वेड्यासारखा हिंडत होता, आणि ही जोडी आपली चोचीत चोच घालून रमलेली. रामाला बघून हसली. राम म्हणाला, तुम्हीही रात्रीचे एकमेकांना मुकाल. तेव्हापासून दिवस मावळला की एक या तीराला आणि एक त्या तीराला, रात्रभर हाका. मी सायफनवर रात्रपाळी केली आहे. हाका खऱ्या आहेत. टॉर्च मारून बघितलं तर जोडी कधी कधी शेजारीच असायची, तरी ओरडतच होती. ते आजीला सांगितलं नाही.

आता आसरा. नाही, तुम्ही उगाच शोधत नाही. पण अशा जागा खूप आहेत हेही खरं. सायखेड्यापासून खाली नदीला जितके डोह तितक्या आसरा. कधी नुसते सात दगड, शेंदूर लावलेले, बाजूला म्हसोबाचा एक गोटा राखणीला. मी एकदा रिकामपणी हे नकाशावर मांडलं होतं, खात्याचाच जुना नकाशा होता, खोली लिहिलेला. जिथं काठावर आसरा तिथं समोर पाणी एकदम खोल जातं. एकही चुकलं नाही. आमच्या खात्यानं 'पाण्यात उतरू नये' अशा पाट्या लावल्या, त्या पहिल्या पावसात कुणीतरी चुलीत घातल्या. आसरांचे दगड कुणी हलवत नाही. "तिन्हीसांजेला पाण्याशी जायचं नाही, आसरा ओढून नेतात," हे मला आजीनं सांगितलं म्हणून मी वाचलो असं नाही, पण माझ्या वर्गातला एक जण अशाच एका डोहात गेला, त्याची आजी नव्हती.

"धरणाच्या खाली, डोहाच्या वर, बाभळीखाली" या वर्णनाची जागा मला माहीत आहे असं वाटतं. पण एक सांगितलं पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टात चांदोरी-सायखेड्याला पूर आला तेव्हा ती बाभूळही गेली आणि सातही दगड गेले. पाणी ओसरल्यावर गावातल्या बायकांनी नदीतूनच दुसरे सात गोटे निवडले, त्याच जागी मांडले, शेंदूर लावला. मी तिथं होतो. एकीनं विचारलं, "हे त्याच आहेत ना?" दुसरी म्हणाली, "त्या दगडात कधी होत्या? त्या पाण्यात हायेत." एवढ्यावर विषय मिटला.

ओटीला हिरव्या बांगड्या, खण, हळदकुंकू, नारळ, दहीभात. बांगड्या पाण्यात टाकू नका, काच फुटली की चिखलात पक्ष्यांचे आणि पोरांचे पाय कापतात. दगडापाशी ठेवा, गावातली कुणी नेईल, तो मान समजतात. ओटी आधी उरका, मग पक्षी. तिन्हीसांजेला तिथं थांबायचं नाही, तुमच्या आईलाही ते चाललं नसतं.

पंचवटीचे_मास्तर (२९ डिसेंबर)

पाटकरी साहेब, लिहिलंत झकास. एक पुरवणी आणि एक भांडण.

पुरवणी अशी, की वाल्मीकींच्या अरण्यकांडात राम खरोखर गोदावरीलाच विचारतो, सीता कुठे आहे? आणि गोदावरी रावणाच्या धाकानं गप्प बसते. चक्रवाकाचा शाप हा लोककथेचा भाग, पण नदीचं ते गप्प बसणं मला त्याहून जास्त बोचतं. गंगेवर रोज फिरायला जाणारा माणूस आहे मी (आम्ही पंचवटीकर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये). तिच्या पाण्याकडं बघून अधूनमधून वाटतं, हिनं तेव्हा बोलायला हवं होतं.

भांडण असं: नांदूरचे लोक सांगतात की रामानं मारीचाला बाण मारला तो तिथून, नदीतल्या मृगव्याधेश्वराच्या देवळापाशी. तिकडं खाली प्रवरासंगमाजवळ लोक सांगतात की हरणाची काया पडली ते कायगाव. आमच्याकडं सीतागुंफेत उभं राहून गाईड सांगतात की हरीण इथूनच दिसलं. म्हणजे ते हरीण पंचवटीत दिसलं, नांदूरला बाण लागला आणि पडलं थेट कायगावला. एवढ्या अंतरात रामाला परत यायला उशीर झाला यात नवल काय!

आणि हो, २०२० च्या जानेवारीत ही पाणथळ रामसर यादीत गेली, महाराष्ट्रातली पहिली. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी विचारलं, "रामाचं सर म्हणजे सरोवरच ना?" मी सांगितलं, रामसर हे इराणमधलं गाव, तिथं १९७१ मध्ये पाणथळींचा करार झाला. ते म्हणाले, "मग तिकडंबी गेला आसंल."

देवळाली_ते_इन्व्हर्नेस (३० डिसेंबर)

हे सगळं स्कॉटलंडमध्ये बसून वाचतेय. बाहेर दुपारी साडेतीनला अंधार पडलाय. इथल्या तळ्याला लॉक म्हणतात. लॉक नेस आमच्यापासून अर्ध्या तासावर, राक्षसासाठी प्रसिद्ध, पण इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी राक्षसापेक्षा केल्पी जास्त. केल्पी म्हणजे पाण्यातला घोडा. काठावर गरीब तट्टासारखा उभा असतो, पोरं पाठीवर बसली की हात त्याच्या कातडीला चिकटतात आणि तो सरळ खोल पाण्यात जातो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजी आठवली, तिच्या आसरा तरी खण-बांगड्यांवर समाधान मानायच्या. गेल्या रविवारी काठानं चालत होते, नवऱ्याला म्हटलं तिन्हीसांज झाली, चल. तो म्हणाला, अगं तीन वाजलेत.

इथं हिवाळ्यात आइसलँडचे हंस येतात. चक्रवाक नाहीत. इंदिरानगरची, जाऊन आलीस की लिही. मराठी नावांसकट.

निवृत्त_पाटकरी (३० डिसेंबर)

मास्तर, हरणाचा वाद आमच्या चावडीवरही सुटलेला नाही, तुम्ही पडू नका.

ताई, मी बंधाऱ्यावरच असतो. तुम्ही येणार असाल त्या दिवशी इथं एक ओळ टाका. नंबर-बिंबर देत नाही, नातवानं सांगितलंय देऊ नका. तीनला गेटाशी निळी कानटोपी दिसली की तो मी.

इंदिरानगरची (४ जानेवारी, रात्री)

आजच जाऊन आलो. हात अजून गार आहेत, पण आत्ता नाही लिहिलं तर राहून जाईल.

निळी कानटोपी गेटाशी होती. आधी जागेवर गेलो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, शेताच्या बांधावरून पाच मिनिटं चालून. वाटेत सासरे दोनदा म्हणाले, "बघा, मी हे मानत नाही." पाटकरीकाका म्हणाले, "मी तरी कुठं मानतो. जपून, तिथं घसरतं." सात गोटे आहेत, लहान पपईएवढे, शेंदूर उन्हानं फिका पडलेला. बाभूळ नाही. तिच्या जागी बेशरमाची झुडपं माजलीत आणि एका बाजूनं कोवळी बाभूळ उगवलीय, माझ्या खांद्याएवढी. समोर पाणी काळपट हिरवं आणि संथ. कडेला आणि मध्ये रंग वेगळा आहे, हे कुणी दाखवल्याशिवाय कळलं नसतं. काकांनी एक बारीक खडा टाकला, म्हणाले, इथून दोन पावलांवर तळ संपतो.

मी दहीभात केळीच्या पानावर वाढला, सात जणींना सात वाट्या होतील असा. सातव्या वेळी भात कमी पडला. घरून मोजून नेला होता. लेक म्हणाली, "आई, सगळ्यांचा थोडा थोडा काढ ना." तसं केलं. मी रडेन असं वाटलं होतं, तसं झालं नाही. मला आईचा थोडा रागच आला. बसनं दीड तासाचा रस्ता, अडतीस वर्षांत एकदा आली असती तर काय बिघडलं असतं? मामांच्या दारात जायचं नव्हतं, नदी काय मामांच्या मालकीची होती का? आणि मी तरी कुठं तिला गाडीत घालून आणलं? ती म्हणाली तेव्हा मी औषधांचा डबा भरत होते. "बघू गं" म्हणाले होते.

सासरे लांब उभे होते. निघताना बघितलं तर त्यांनी चपला काढलेल्या होत्या. मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत.

मग पक्षी. पाटाच्या भरावावरून खरंच सपाट वाट आहे. एका करंजाखाली बसकण मारली, थर्मासातला चहा आणि सायखेड्यात घेतलेला भेळभत्ता. सासऱ्यांनी तीस-बत्तीस वर्षं नोटा मोजण्यात घालवली, त्यांच्या हाती दुर्बीण आली आणि त्यांनी वारकरी मोजायला घेतले. बोटं हलवत, ओठ हलवत. कुणी मध्ये बोललं की हात वर. तीनशे बारापर्यंत आले आणि एक तपकिरी शिकारी पक्षी लव्हाळ्यांवरून अगदी खालून तरंगत आला, मार्श हॅरियर, काकांनी सांगितलं. सगळं पाणी एकदम उठलं. वारकरी पाण्यावरून धावत सुटतात, पटकन उडता येत नाही त्यांना, हजार पावलांचा आवाज होतो. टाळांसारखा नाही, ओल्या धुण्यासारखा. सासरे म्हणाले, "गेलं बंडल, परत मोजा."

लेकीच्या वहीत सव्वीस झाले. थापट्या तिचा लाडका, गोल गोल फिरताना बघून हसून हसून लोळली. कमळपक्षी दिसला, त्यात पिल्लांना बाप सांभाळतो हे काकांनी सांगितल्यावर तिनं माझ्याकडं बघून "बाबांना सांगू" म्हटलं. चमचे लांब होते, झोपलेले, चोच पंखात, म्हणजे ज्यासाठी नाव पडलं तेच दिसलं नाही. पट्टकादंब अकरा, सासऱ्यांचा आकडा, म्हणजे बरोबरच असणार. रोहित नाहीत.

सहा वाजून गेले तेव्हा आम्ही गेटाकडं परतत होतो. पाणी आधी तांबडं झालं, मग शिशासारखं. तेव्हा आवाज आला, आँग, आँग, नाकातून काढल्यासारखा. बेटावरून एक. आणि जरा वेळानं पलीकडच्या काठावरून दुसरा. लेकीला रामाची गोष्ट येतानाच सांगितली होती. ती थांबून ऐकत राहिली. सासऱ्यांनी विचारलं, "किती आहेत गं?" तिनं बोट ओठावर ठेवलं, त्यांच्यासारखंच.

मग गाडीत म्हणाली, "आजोबा, त्या बाईचं नाव काय होतं, जी आईला पाण्यातून काढायला आली?" मला वाटलं आसरांबद्दल विचारतेय. सासरे म्हणाले, "बाई होती की बाप्या, कुणालाच माहीत नाही." खरंच, आजवर मी कधी विचारलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात मामांना फोन करणार आहे. जमिनीचं बोलायचं नाही, एवढंच विचारायचं, मला कुणी काढलं होतं?

निवृत्त_पाटकरी (५ जानेवारी)

कळलं तर इथं लिहा. त्या काळचे आमच्या पाटावरचे दोघं जण अजून आहेत, त्यांनाही विचारून ठेवतो.

आवर्तन सुटलं की पाणी उतरेल. चमचे तेव्हा जवळ येतील, चोच दिसेल. आजोबांना सांगा, काल संध्याकाळी मी परत मोजले. माझे तीनशे चाळीस झाले.